रवळनाथाकडे पाठ

तिरवडखोलच्या रवळनाथाच्या देवळात शिरलात की सभामंडपाच्या मधोमध एक गोल दगडी कट्टा दिसतो. शिमग्यात घुमटवाले त्याच्यावर वाजवायला गोल करून बसतात. आणि गोल म्हटला की कोणाची तरी पाठ देवाकडे येणारच. परगावचे पाहुणे हे पाहून दचकतात, एखादा म्हातारा रागावतोसुद्धा. मग गावातलं कोणीतरी जाणतं माणूस त्यांना खांबापाशी बसवतं, हातात गुळपाणी देतं आणि शेवंतीची हकिगत सांगतं.

फार पूर्वी, म्हणे, तिरवडखोलाला स्वतःचं वाजप नव्हतं, वाजवणारं कोणी नव्हतं. घुमटं मात्र इथलीच. आमच्या कुंभारवाड्यात मडकी घडायची, त्यांच्या तोंडांवर कातडं चढायचं आणि ती डोक्यावरून घाटी चढून माडवली गावात जायची. शिमगा आला की माडवलीकर तीच घुमटं गळ्यात अडकवून खाली उतरायचे आणि आमचा देव उठवायचे. वाजप झाल्याशिवाय पालखी हलवायची नाही, असा नेम होता.

एका वर्षी माडवलीकर आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. लोक ताटकळून कुरकुरायला लागले होते. माडवलीचा म्होरक्या लाडोबा हाताचा गुणी, पण तोंडाचा फार तिखट. तो भर मंडपात म्हणाला, "देव तुमचो, पण वाजप आमचा. आमी नाय इलव तर तुमचो देव मुको!"

तो शब्द गावाच्या जिव्हारी लागला. मानकऱ्यांनी तिथल्या तिथे देवापुढे नारळ ठेवला. पुढच्या शिमग्याला देव उठेल तो गावच्याच हातांनी, नाहीतर पालखी बाहेर निघणार नाही. नारळ ठेवून माणसं घरी निघाली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की शिकवणार कोण?

लाडोबाची धाकटी बहीण शेवंती तिरवडखोलात पुनाजीला दिली होती. तिच्या बापाच्या खळ्यात बारमाही घुमट वाजायचं. मुलींनी वाद्याला शिवायचं नाही, म्हणून ती कडेला भात पाखडत ऐकायची. ऐकता ऐकता घुमटाचा बोल न् बोल तिच्या जिभेवर बसला होता, पण सासरी तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. भावाचं बोलणं कानावर पडल्यापासून तिला घास जाईना. शिकवावं तर माहेर तुटतं, गप्प बसावं तर सासरचा देव कोंडला जातो. असे काही दिवस गेले आणि एकदा जेवण वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, "मी शिकवतंय."

पुनाजी हसला. तिने भिंतीवरचं सूप काढलं आणि बोटांनी त्यावर शिमग्याचा पहिला ताल धरला. पुनाजीचा हात ताटातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खळ्यात चौघे जमू लागले. घुमटाला पुनाजी आणि देऊ कुंभार, काठ्यांनी वाजवायच्या शमेळाला शाबी, झांजेला तातू. शेवंती मधे बसून तोंडाने बोल म्हणायची आणि ते वाजवायचे. पावसाळा सरेपर्यंत चौघांचे हात एकेकटे चांगले चालू लागले. एकत्र बसले की मात्र बाजार व्हायचा. पुनाजीला थांबणं माहीत नव्हतं. देऊ त्याचंच वाजवलेलं परत वाजवायचा. शाबी दोघांच्याही पुढे पळायचा, आणि बिचारा तातू कोणाला धरावं ते न कळून झांजा मांडीवर ठेवायचा.

एकदा शेवंती वैतागली. नवऱ्याला म्हणाली, "सगळा तुमीच बोललात तर देऊनं बोलूचा कधी? जरा जागा सोडा." मग देऊकडे वळून म्हणाली, "आणि तू रे? कोणी विचारल्यान, जेवलंस काय, तर तू परत जेवलंस काय म्हणतंस? उत्तर दी मरे!"

देऊला हसू फुटलं. पुनाजीने घुमटावर एक लहानशी ओळ टाकली आणि हात उचलला. देऊने कान दिला, क्षणभर चाचपडला आणि त्याला सुचेल तसं उत्तर दिलं. वेडंवाकडं होतं, पण त्याचं होतं. शाबीने नकळत काठ्या हळू केल्या, आणि तातूला झांज कुठे पडायची ते पहिल्यांदाच कळलं.

तरी चौघांचे डोळे तिच्याच तोंडाकडे असायचे. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकात, एकमेकांकडे बघा." ऐकेनात, तेव्हा ती उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर चौघे एकमेकांकडे तोंड करून बसले. मग घुमट बोललं, दुसऱ्याने उत्तर दिलं, शमेळाने त्यात काहीतरी मिसळलं. चुलीपुढे बसलेल्या शेवंतीला आधी वाटलं, हे बापाच्या खळ्यातलं. मग ती सरळ होऊन ऐकू लागली. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. हे तिने शिकवलंही नव्हतं. चुलीवरची पेज उतू गेली, तरी ती तशीच बसून राहिली.

शिमगा आला. माडवलीकरही आले, पण या वेळी मोकळ्या हातांनी, मजा बघायला. लाडोबा खांबाला टेकून उभा राहिला. बायका मंडपाच्या कडेला, त्यांच्यात शेवंती.

तेव्हाची रीत अशी होती, की वाजवणाऱ्यांनी देवाकडे तोंड करून एका ओळीत बसायचं. चौघे तसे बसले. कोणाला कोणाचा चेहरा दिसेना. सुरुवात झाली खरी, पण थोड्याच वेळात शाबी पुढे सुटला, देऊला पुनाजीची सोडलेली जागा सापडेना, झांज भलतीकडे पडली. माडवलीकरांत कोणीतरी फिसकन हसलं. पालखीचे भोई एकमेकांकडे बघू लागले.

शेवंतीने लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून अर्धं गिळलेलं. ती बायकांतून पुढे आली आणि तिने भर मंडपात हाक मारली, "पुनाजी! तोंड फिरवा!"

पुनाजीने एकदा देवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग घुमट उचलून तो गर्रकन वळला आणि रवळनाथाकडे पाठ करून साथीदारांच्या समोर बसला. त्याच्यामागून शाबीही वळला.

गुरव ओरडला, "थांबा! देवाक पाठ?" मानकरीही घाबरले. कौल लावायचा ठरला. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या. उजवी पडली तर देवाला मान्य, डावी पडली तर कोप. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडेना. पुन्हा घातलं. ना उजवी, ना डावी.

शेवंती हात जोडून म्हणाली, "देवान अजून ऐकलाच नाय. ऐकल्याशिवाय तो काय सांगतलो?"

गुरव बाजूला सरला. पुनाजीने देऊच्या डोळ्यांत पाहून ओळ टाकली आणि हात उचलला. देऊने उत्तर दिलं. शाबीने दोघांना पाठीवर घेतलं, तातूची झांज नेमकी पडली, आणि चौघे असे काही निघाले की भोयांचे पाय जागच्या जागी हलू लागले. असं सांगतात, की वाजप रंगात आलं तेव्हा देवाच्या उजव्या खांद्यावरच्या साऱ्या पाकळ्या एकदम ओघळल्या. डावीकडची एकही हलली नाही. गुरवाने स्वतःच पालखीला खांदा दिला.

लाडोबा गर्दीतून वाट काढत बहिणीपाशी आला. त्याचा आवाज उतरला होता. "शेवंत्या, ह्या वाजप खयचा? आपल्या बापाशीचा न्हय ह्या."

"न्हय," शेवंती मान वर करून म्हणाली. "ह्या आमच्या खळ्यातला."

लाडोबाने डोक्याचं मुंडासं काढलं, म्हणे, आणि देऊच्या शेजारी जाऊन बसला. देऊने आपलं घुमट त्याच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या वर्षी दोन्ही गावांनी दगड वाहून गोल कट्टा बांधला.

आजही तिरवडखोलात नवी सून आली की पहिल्या शिमग्याला तिला कट्ट्याशी बोलावतात. "तुझ्या माहेरी कसा वाजवतत गो?" असं म्होरक्या विचारतो. ती लाजत लाजत तोंडाने चार बोल म्हणते, नाहीतर ओटीच्या सुपावर बोटांनी वाजवून दाखवते. मग घुमटवाले एकमेकांकडे बघतात आणि तिथल्या तिथे, आधी कधीच न वाजवलेलं, तिच्या त्या बोलांवरून वाजवायला लागतात. त्यांचं वाजवून होईपर्यंत पालखी उचलायची नाही, असा आमच्या गावाचा नेम आहे.