लाल दोऱ्याचं पिकअप

एका गावात एक गिटारवाला राहत होता. हसू नका. खेड्यात गिटारवाला असू नये असा काही कायदा नाही. त्याचं नाव मुकुंद गुरव. त्याचे बाप-आजे भैरोबाच्या देवळात सनई वाजवायचे. याने गिटार धरली, तीही विजेवरची. पण वाजवायचा मन लावून.

मुकुंदची थोरली बहीण सिंधू गायची. अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं. दिवसभर ती मशीनवर झंपर शिवायची आणि जत्रा आली की संध्याकाळी गायला उभी राहायची. त्यांचा ऑर्केस्ट्रा चार माणसांचा: एक ढोलकीवाला, एक पेटीवाला, मध्ये अक्का आणि तिच्या डाव्या हाताला मुकुंद. वीस वर्षं अशीच चालली होती. अक्काला दोनच गोष्टींचा नाद होता. एक गाणं आणि दुसरी कच्ची चिंच, मीठ लावून.

आता विजेवरच्या गिटारीची एक गंमत सांगतो. ती नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिच्या तारांखाली बोटभर लांबीची एक डबी बसवलेली असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे गुंडाळलेली. वरच्या तारेची थरथर ही डबी टिपते आणि वायरीतून स्पीकरकडे पाठवते. तिला पिकअप म्हणतात. भाजी वाहून नेतात ती गाडी वेगळी.

तर एके दिवशी मुकुंदचं पिकअप गेलं. आधी खरखरलं, मग दोन दिवस रुसलं आणि शेवटी मुकंच झालं. घामाने आतली तार गंजून तुटली होती. पिकअप मिळायचं शहरात, पण मुकुंद गेला इलाहीचाचांकडे. इलाहीचाचा हे गावातले मोटार वायंडिंगवाले. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, नवी तार भरायची आणि परत चालू करून द्यायच्या, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यांनी जुनं पिकअप उघडलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर मोटारीची धाकटी बहीण! चार दिवस दे मला."

चार दिवसांनी चाचांनी त्याच्यापुढे तीन पिकअप ठेवली. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला रंगीत दोरा बांधला होता. पांढऱ्या दोऱ्याच्या पिकअपला पाच हजार वेढे, पिवळ्याला सात, लालला नऊ.

"जितके वेढे जास्त तितका आवाज मोठा," चाचा म्हणाले. "पण बारीकसारीक दबतं. तिन्ही लावून बघ. मात्र एक कर मुकुंदा, घरात एकटा बसून ठरवू नकोस. अक्काला शेजारी गायला बसव, मग ठरव."

"त्यात काय चाचा? गिटार माझी, कान माझे," मुकुंद म्हणाला. चाचांनी फक्त खांदे उडवले आणि पुढची मोटार ओढून घेतली.

मुकुंद घरी आला. दार लावलं आणि एकटाच बसला. आधी पांढऱ्या दोऱ्याचं लावून पाहिलं. स्वच्छ वाजलं, पण त्याला ते मिळमिळीत वाटलं. पिवळं बरं वाटलं. मग लाल लावलं आणि पहिला फटकारा मारला. फळीवरची भांडी खणखणली, मांजर खिडकीतून बाहेर पळालं. मुकुंदच्या अंगावर काटा आला. याला म्हणतात आवाज! त्याने स्क्रू आवळले आणि उरलेली दोन्ही चाचांना परत नेऊन दिली.

पहिलीच जत्रा शेजारच्या गावची. मुकुंदने सुरुवात केली आणि पोरांनी शिट्ट्याच मारल्या. "वन्स मोअर, गिटारवाले, वन्स मोअर!" वीस वर्षांत त्याच्या वाजवण्याला कुणी वन्स मोअर दिला नव्हता. तो हरखून गेला. त्या रात्री परतताना टेम्पोत तो एकटाच बोलत होता आणि अक्का घसा चोळत बसली होती.

झालं होतं असं. गिटार सुरू झाली की अक्काचं गाणं तिच्याखाली दबून जायचं. माईकवाल्याने माईक वाढवला, तर माईकच शिट्ट्या मारायला लागला. मग अक्का जोर लावून गायली. वरच्या पट्टीत गेली, तरी शब्द कुणाच्या कानी धड पडेना. पुढच्या जत्रेत तेच, त्याच्या पुढच्या जत्रेत तेच. गाणं संपेपर्यंत तिच्या मानेच्या शिरा टरारून फुगायच्या.

लोक बोलायला लागले, "अक्कांचा आवाज गेला हो. वय झालं. आता एखादी नवी पोरगी बघायला हवी." मुकुंदने ते ऐकलं. आवाज कधीपासून गेला ते त्याला बरोबर ठाऊक होतं. लाल दोरा आला त्या दिवसापासून. पण तो बोलला नाही. खोटंही बोलला नाही, नुसता गप्प राहिला. कानात अजून ते वन्स मोअर घुमत होते ना!

अक्काने मात्र लोकांचं खरं मानलं. ती सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागली. रात्री हळद घातलेलं दूध, दिवसा तोंडात ज्येष्ठमध. चिंच तर तिने सोडूनच दिली. परसातलं झाड चिंचांनी लगडलं होतं आणि ही त्याच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालायची. मुकुंद हे रोज बघत होता.

असे तीन महिने गेले. गावच्या भैरोबाची जत्रा आठवड्यावर आली. एका सकाळी अक्काने गाण्यांची वही मुकुंदच्या हातात दिली. कव्हराला झंपराचंच कापड लावलेली, वीस वर्षांची वही.

"भैरोबापुढे शेवटचं गाते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कुणा चांगल्या मुलीला दे ही. माझा आवाज आता लोकांपर्यंत पोचत नाही रे. देवाने दिला होता, त्यानेच नेला. त्याच्याशी काय भांडायचं?"

खरं सांगून टाकावं असं मुकुंदच्या मनात आलं. पण जत्रा तोंडावर होती आणि यंदा पोरांनी खास त्याच्या गिटारीसाठी मंडप मोठा घातला होता. त्याने वही घेतली आणि कपाटात ठेवली.

जत्रेच्या आदल्या दुपारी देवळाच्या सभामंडपात सराव होता. कोपऱ्यात बायका हार ओवत बसल्या होत्या. अक्का डोळे मिटून माहेरचं एक गाणं गात होती, नेहमीसारखीच मान ताणून. मुकुंद शेजारी वाजवत होता.

आणि अचानक लाईट गेली.

माईक बंद. स्पीकर बंद. मुकुंदची बोटं तारांवर फिरत होती, पण गिटारीतून डास गुणगुणावा इतकाही आवाज येईना. डोळे मिटलेल्या अक्काला काही कळलंच नाही. एवढंच कळलं, की आज गळ्याला ताण पडत नाही. तिची मान हळूहळू सैल झाली, आवाज खाली उतरला आणि गाणं मोकळं झालं. दगडी खांबांमधून ते पार पायरीपर्यंत गेलं. पायरीवर नारळ फोडणारा माणूस हातातला नारळ तसाच धरून उभा राहिला. हार ओवणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या. सासरी निघालेली लेक मागे वळून बघते, ते कडवं आलं तेव्हा एकीने पदर डोळ्यांना लावला.

मुकुंदला शब्द न शब्द ऐकू येत होता. वीस वर्षं जो आवाज ऐकला, तोच हा होता. कुठेही तडा गेलेला नव्हता.

लाईट आली. स्पीकर घुमला. अक्काने डोळे उघडले. "गेली होती होय लाईट?" तिने विचारलं.

"अहो अक्का, आज काय आवाज लागला तुमचा!" एक बाई म्हणाली.

अक्का हसली. "देऊळ घुमतं गं, म्हणून वाटतं तसं. उद्या मंडपात बघा, परत चिरका."

बघा हं, इथे मुकुंदला गप्प राहणं किती सोपं होतं. कुणीही त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. उलट अक्काने स्वतःच कारण सांगून टाकलं होतं. उद्या पोरं शिट्ट्या मारणार होती आणि परवापासून कुणी काही विचारणार नव्हतं. पण त्याला परसातलं ते चिंचेचं झाड दिसलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली बहीण दिसली. त्याने गिटार खाली ठेवली.

"अक्का, तुझा आवाज गेला नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मी दाबलाय. हे लाल पिकअप लावल्यापासून. मला माहीत होतं. मला वन्स मोअर मिळत होते म्हणून मी बोललो नाही."

ढोलकीवाल्याने मान खाली घातली. अक्का भावाकडे वळली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती ओरडली, "तीन महिने मी चिंच खाल्ली नाही रे, मेल्या!"

बायका हसू दाबायला लागल्या, पण अक्का हसत नव्हती. तिने डोळे पुसले. "उद्या मी गाणार आहे," ती म्हणाली. "आणि शेवटचं नाही. उठ, आधी ते काढून घे."

दोघं गिटार आणि स्पीकर उचलून तसेच चाचांच्या दुकानात गेले. मुकुंदला काही विचारायचीही गरज पडली नाही. चाचांनी फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत पांढऱ्या आणि पिवळ्या दोऱ्याची पिकअप जशीच्या तशी होती.

"तुम्ही ठेवलीत अजून?" मुकुंदने विचारलं.

"तू येणार हे ठाऊक होतं. उशीर केलास तेवढा," चाचा म्हणाले. त्यांनी अक्काला उघड्या मोटारींच्या मध्ये स्टुलावर बसवलं आणि मुकुंदच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. "आता मी पिकअप बदलत जातो. तू वाजव. गिटार कशी वाजते ते मला सांगू नकोस. अक्काचे शब्द कधी ऐकू येतात तेवढं सांग."

तीनदा वाजवून झालं. मुकुंद म्हणाला, "तिसऱ्यांदा सगळे शब्द आले." त्याने फडकं सोडलं. गिटारीवर पांढरा दोरा होता. घरी त्याला मिळमिळीत वाटलेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैरोबाच्या मंडपात अक्का गायली. मान ताणली नाही, पट्टी चढवली नाही. सुरुवातीला पोरांनी "गिटार वाढवा, गिटार!" असा गलका केला. मुकुंदचा हात बटणाकडे गेला आणि तिथूनच मागे आला. दुसऱ्या कडव्याला पोरंही गप्प झाली. गाणं संपलं तेव्हा मंडपात जी टाळी वाजली ती थांबेना. "अक्का, वन्स मोअर!" मागून म्हातारी माणसं ओरडत होती. बायका मंचाजवळ येऊन अक्काचा हात हातात घेऊन जात होत्या. मुकुंद बाजूला वायरी गुंडाळत होता.

इलाहीचाचा त्याच्याजवळ आले. "गिटारीबद्दल कोण काय बोललं?"

"कुणीच नाही."

"वाईट वाटलं?"

मुकुंदने खोटं सांगितलं नाही. "थोडं वाटलं चाचा."

"वाटणारच," चाचा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण गिटार बरोबर बसली. गाण्याला कुठेच टोचली नाही."

तेवढ्यात अक्का आली. तिच्या कनवटीला चिंचेचे चार आकडे होते, मिठाची पुडीही होती. तिने एक आकडा मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा भावापुढे धरला. आंबट लागून तिचे डोळे मिटले.

"वही आण कपाटातून," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात दोन नवी गाणी बसवायची आहेत. आणि तू आज वाजवलंस ना, तसंच वाजव."

लाल दोऱ्याचं पिकअप चाचांनी वाया घालवलं नाही. त्यातली तार उलगडून त्यांनी आणखी एक पांढऱ्या दोऱ्याचं पिकअप बांधलं आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं.

तात्पर्य: ज्याला चारचौघांबरोबर वाजवायचं आहे, त्याने आपला आवाज दार लावून एकट्याने निवडू नये. आणि आपल्यामुळे दुसऱ्याचा आवाज दबतो आहे हे कळल्यावर गप्प राहणं, हाही त्याचा गळा दाबण्याचाच प्रकार आहे.