ढोलीतल्या चोची

रानातली झाडं-पाखरं बोलत असत, त्या काळची गोष्ट. महापुरानंतर, दूरदेशी शिकलेली भोरडी मैना उत्साहाने उंबरं वाटायला आपल्या रानात परतली. सगळी पाखरं येतील असं तिला वाटलं होतं. रांगेत दिसले नुसते नर!

"चोचीमागे एक उंबर!" वाटपावर देखरेख करणारे कावळेबुवा ओरडले.

"बुवा, आमची ही ढोलीचं दार लिंपून पिलांजवळ बसलीय. सगळी उपाशी आहेत," रांगेतला धनेश पक्षी म्हणाला.

"मग तिलाच पाठवा की रांगेत!"

ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली. "येते हो बुवा! तोवर पिलांजवळ तुम्ही बसा!"

हसता हसता पोपट फांदीला उलटे लटकले. भोरडीही खिदळली, मग एकेका झाडावरच्या ढोल्या निरखू लागली.

दुसऱ्या सकाळी तिने ठरवलं, आता रांग नाही. उंबरांचा घोस पायांत धरून ती ढोलीढोलीवर टकटक करू लागली, "ताई, आत किती चोची?"