बंद घराचं मीटर

नलूताई खानविलकर महिनाभर लेकीकडे राहून चिपळूणला परतल्या, तर वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक बेंद्रे दारातच उभे.

"घराला कुलूप, तरी तुमचं मीटर पळत होतं. पोटभाडेकरू ठेवलात ना? खोली रिकामी करा," ते चार शेजाऱ्यांदेखत म्हणाले.

नलूताईंनी कुलूप उघडलं. त्यांनी घरातली सगळी बटणं बंद केली, तरी मीटर फिरतच राहिलं. मग त्यांनी आपला मेन स्विच खाली ओढला. मीटर थांबलं आणि वरून बेंद्रेबाईंची हाक आली, "अहो, आपला फ्रीज बंद पडला."

नलूताई शांतपणे म्हणाल्या, "बेंद्रेसाहेब, पोटभाडेकरू सापडला. वरच्या मजल्यावरच राहतो."

शेजारी हसू लागले, तसे बेंद्रे वायरमनला बोलवायला निघाले.