घटका कुणाची भरली

राजवाड्याच्या देवडीवर विसाजी घटकेचे टोल देत असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली, मग टोल द्यायचा. डोळे अधू झाल्यावर त्याने हे काम मुलीकडे, भिवराकडे सोपवलं. पण तिला एका जागी बसवत नसे.

"चुळबुळ पायांत असू दे, पोरी, हातात नको," विसाजी म्हणाला. "वाटी बुडाल्याशिवाय टोल नाही. कुणासाठीही नाही."

एकदा दिवाण दरबारात उशिरा पोचले. त्यांनी बापलेकीला घटकेच्या भांड्यासकट तिथे बोलावून घेतलं आणि ते महाराजांना म्हणाले, "ही पोर घाईघाईने टोल देते. स्वस्थ बसणं हिला ठाऊकच नाही. काढून टाका हिला."

विसाजीचं तोंड उतरलं. भिवराने तिथेच वाटी पाण्यावर सोडली.

"दिवाणसाहेब, इकडे पाठ करून बसा. घटका झाली की सांगा."

दिवाण बसले. त्यांनी पगडी सावरली, अंगठी फिरवली, दोनदा खाकरून झालं. भिवराही पायाचा अंगठा फरशीवर घासत होती, पण हातातली टोल द्यायची मोगरी हलली नाही. शेवटी दिवाण ताडकन उठले.

"भरली घटका."

"कुणाची, दिवाणसाहेब?" भिवराने विचारलं. "वाटी तर अजून अर्धीच आहे."

दरबार हसला. महाराज म्हणाले, "काम हिच्याकडेच राहील."

विसाजी मात्र कान देऊन बसला होता. बऱ्याच वेळाने वाटी बुडाली, टोल पडला, तेव्हा तो म्हणाला, "आता ये जरा पळून, पाय मोकळे कर."