एका शिंक्यातली दोन विरजणं

“आणि न्हाईच उठलं, तर?”

शार्दूलचं बोट माऊसवर होतं. ते तिथंच थांबलं.

“काय नाही उठलं, बाबा?”

“हे तुझं यंत्र. झोपवायचं, आतलं समदं नवं करायचं, मग उठवायचं, असं तूच म्हनलास न्हवं? न्हाईच उठलं, तर?”

शार्दूल हसला. जास्त शिकलेली माणसं हसतात तसा, नाकातून.

“उठतं, बाबा. जगात कोट्यवधी लोक हे करतात.”

“जगाचं जग बघंल. ह्येचं सांग.”

येरळा नदीच्या काठावर भानूबाबांचा मठ होता. मठ म्हणजे पत्र्याची ओवरी, एक चूल, एक गाय आणि थोरल्या बाबांची समाधी. बस्स. दुसरं काही नाही. शार्दूल शहरातली कॉम्प्युटरची मोठी नोकरी सोडून इथं शिष्य व्हायला आला होता. नोकरी सोडली, ताठा तेवढा बरोबर आणला.

बाबा त्याला नावानं कधी हाक मारत नसत. शार्दूल म्हणजे वाघ, हे कुणीतरी सांगितल्यापासून ते त्याला ‘वाघोबा’ म्हणत. हाक प्रेमाची की टोमण्याची, ते काही केल्या कळत नसे.

थोरले बाबा म्हणजे भानूबाबांचे गुरू. भजनाला बसले की नदीपलीकडची माणसं वाट चुकून अलीकडं यायची, असा गळा. त्या काळी एका भक्तानं टेपरेकॉर्डर आणून त्यांची भजनं भरून घेतली होती. थोरले बाबा गेले, तो भक्तही गेला. कॅसेटींना बुरशी धरली. शार्दूलनं आल्या आल्या काही चांगलं केलं असेल तर ते एवढंच, की होता तेवढा आवाज त्यानं कॉम्प्युटरात उतरवला. मग कुजलेल्या कॅसेटी, जुन्या पोथ्या सोडतात तशा, हात जोडून नदीत सोडून दिल्या.

म्हणजे थोरल्या बाबांचा गळा आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. त्या कॉम्प्युटरच्या पेटीत.

त्यात एक भजन होतं. रंगात आलेलं असताना थोरले बाबा मध्येच थांबतात आणि खणखणीत ओरडतात, “दूध उतू चाललंय, भान्या!” मग धावणाऱ्या पोरसवद्या पायांचा आवाज येतो. एक भांडं आदळतं. कुणीतरी हसतं. आणि भजन पुन्हा सुरू होतं.

शार्दूल ते वाक्य कापायला निघाला होता. म्हणाला, “भजनात व्यत्यय येतो.”

बाबा म्हणाले होते, “भजन काप. त्ये राहू दे.”

रोज धारा काढून झाल्या की बाबा पेटीपुढं येऊन बसत आणि तेवढीच जागा लावायला सांगत. ते धावणारे पाय त्यांचेच होते. आता गुडघे धरून उठायला लागत होतं, पण पेटीतला भान्या रोज तसाच पळत होता.

… तर बोट थांबलं होतं.

“बाबा, हे जुनं झालंय. कंपनी म्हणते, यापुढं याची काळजी आम्ही घेणार नाही. नवं केलंच पाहिजे. आणि मी काही अडाणी नाही. परतीची खूण मारून ठेवलीय. बिघडलं तर यंत्र उलट पावली मागं येईल, होतं तिथं.”

“खूण कुठं मारलीस?”

“यातच.”

“आनि थोरल्या बाबांचा आवाज?”

“त्याचीही दुसरी प्रत केलीय.”

“कुठं हाय ती?”

“यातच. पण वेगळ्या कप्प्यात.”

कानावरची टोपी बाबांनी मागं सरकवली…

मग उठले. गुडघे धरून, कण्हत. कोपऱ्यातला विळा घेतला आणि चुलीकडं गेले. शार्दूल मागोमाग गेला.

चुलीवरच्या आढ्याला शिंकं टांगलेलं होतं. शिंक्यात दोन वाट्या, एकावर एक. मठाचं विरजण.

हे विरजण थोरल्या बाबांच्या हातचं. रोज त्यातलं चमचाभर दुधाला लावायचं, सकाळी दही, त्यातलं चमचाभर पुन्हा बाजूला. एक दिवस खंड नाही. पूर्वी बाबा ते दारात येईल त्या बाईला देत. वाटी घेऊन बाया यायच्या, दोन सुखदुःखाच्या गोष्टी सांगून जायच्या. स्वयंपाक शार्दूलकडं आला आणि त्यानं शिस्त लावली. इतकं जुनं विरजण असं वाटत सुटायचं नाही म्हणाला. दारात आलेल्या बाईला सांगायचा, “काकू, दुकानात पिशवी मिळते.” वर धोका नको म्हणून एकाऐवजी दोन वाट्या ठेवायला लागला. मठात येणाऱ्याला वर बोट करून अभिमानानं दाखवायचा.

“ह्ये दोन कशाला, वाघोबा?”

“एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून.”

“शहाना हाईस,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी विळ्यानं शिंक्याची दोरी कापली.

दोन्ही वाट्या खाली आल्या. एक फुटली, दुसरी घरंगळत राखेत जाऊन पालथी पडली. मांजर जणू वाटच बघत होतं.

“बाबा!”

शार्दूल गुडघ्यावर बसला. राखेतलं दही बोटानं गोळा करायला लागला. राख आणि दही. दही आणि राख.

“बाबा, हे थोरल्या बाबांचं होतं! काय केलंत हे तुम्ही?”

“म्या कुठं काय केलं? एक दोरी कापली.” बाबांनी विळा जागेवर ठेवला. “दूध तापलंय. विरजण आन.”

“कुठून आणू? होतं ते इथंच होतं!”

“आसं…?” बाबा म्हणाले आणि चुलीत लाकूड सारत बसले.

शार्दूलनं बाहेर पाहिलं. उन्हं कलली होती. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ कुणी उंबऱ्याबाहेर देत नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. जाते की नाही ते लक्ष्मीला ठाऊक, पण देत नाहीत हे खरं. मठातून पूर्वी कुणीतरी नेलेलं आज दिवा लागायच्या आत मिळालं नाही, तर थोरल्या बाबांच्या विरजणात खंड पडला.

तो वाटी घेऊन पळाला.

पहिल्या घरी फरशी नवी होती. दारातल्या वहिनी म्हणाल्या, “विरजण? आम्ही पिशवी आणतो हो. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

शार्दूलनं मान खाली घातली आणि पुढं निघाला.

दुसऱ्या घरी फ्रीज उघडून दाखवला. दही होतं. डबीतलं, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. मठातल्या दुधाला हेच लावा म्हणाले.

तिसऱ्या घरी कुलूप. चौथ्या घरी म्हातारी गेल्यापासून दही लावणंच बंद झालेलं. एक काळ असा होता की ह्या आळीत कुठल्याही दारात वाटी पुढं केली असती तरी भरून आली असती. दही विकत आणायची तेव्हा लाज वाटायची. आता लावायचं कसं, तेच सांगावं लागतं.

आळीच्या शेवटी गोदाक्काचं घर. म्हातारी तुळशीपुढं उभी होती. निरांजनात वात घातलेली, हातात काडेपेटी, काडी बाहेर काढलेली.

“आक्का, थांबा! दिवा लावू नका!”

“का रं? देव झोपलाय व्हय?”

“विरजण हवंय.”

गोदाक्कानं काडी पेटीत परत घातली.

“मठात विरजण न्हाई?”

“शिंकं पडलं.”

“पडलं कसं?”

“… बाबांनी कापलं.”

म्हातारी अशी हसली की हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता खाली बसली.

“भान्या काय सुधरायचा न्हाई! आरं, ल्हानपनी एकदा त्येच्या हातनं मठातलं विरजण नासलं. थोरल्या बाबांनी हाकलला. वाटी धोतरात लपवून ह्याच दारात आला, रडत. माझ्या सासूनं दिलं. मग आमचं नासलं की आमी तिकडं, तिकडचं नासलं की त्यो हिकडं. कुनाचं कुठलं, ह्येचा हिशोब कुनी ठेवलाच न्हाई. पर हल्ली तुमी दारातनंच परत लावताया म्हनून आमी येत न्हाई…”

शार्दूल उभा होता. हातात रिकामी वाटी.

आक्का आत जाऊन आल्या. वाटीत पांढरा घट्ट चमचाभर गोळा टाकला. शार्दूल वळला, तशी त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“चाख.”

“नको आक्का, मठात नेऊन…”

“चाखल्याबिगर कुनी विरजण न्हेतं व्हय? तार सुटली आसंल, कडू झालं आसंल. रातभर दूध घालून बसशील आनि सकाळी बोंबलशील. चाख!”

त्यानं बोटाचं टोक जिभेला लावलं.

तीच चव. रोजच्या ताटातली. मठातली.

तो आळीबाहेर पडेपर्यंत म्हातारीनं काडी ओढली नाही.

मठात बाबा दुधात करंगळी बुडवून बसले होते. दूध कोमट झालं होतं. शार्दूलनं विरजण लावलं. बाबांनी कुठून आणलंस म्हणून विचारलं नाही. त्या संध्याकाळी पेटीपुढं येऊनही बसले नाहीत.

सकाळी दही लागलं होतं. शार्दूलनं शिंकं पुन्हा बांधलं आणि एक वाटी त्यात ठेवली. दुसरी घेऊन दारात बसला. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसला. मग स्वतःच घरोघर देऊन आला.

त्यानंतर तो तालुक्याला गेला. एक पेनड्राइव्ह आणला आणि एक वेगळी डिस्क आणली. डिस्कवर थोरल्या बाबांचा सगळा आवाज उतरवला. यंत्र उठलंच नाही, तर बाहेरून उठवायची सोय पेनड्राइव्हवर केली. डिस्क रुमालात बांधली आणि गोदाक्काकडं गेला.

“आक्का, हे तुमच्याकडं ठेवा.”

“काय हाय?”

“थोरल्या बाबांचं भजन.”

म्हातारीनं गाठोडं उलटंसुलटं करून बघितलं.

“चाखलंस?”

शार्दूलच्या नाकात ते जुनं हसू आलं होतं, ते तिथंच जिरलं.

आक्काच्या सुनेनं डिस्क टीव्हीला जोडून दिली. पडद्यावर भजनांची नावं आली, ओळीनं. शार्दूलनं पहिलं लावलं. काही नाही. दुसरं लावलं… काही नाही. घाईघाईत त्यानं नुसत्या पाट्या उचलून आणल्या होत्या. ज्याच्यावर बोट दाबलं की भजन लागतं, त्या पाट्या. भजन मागं पेटीतच राहिलं होतं.

दारावरची पाटी काढून आणली आणि म्हणे घर आणलं.

सून तोंडाला पदर लावून हसली. आक्का हसल्या नाहीत.

“पुन्यांदा जा,” एवढंच म्हणाल्या. “भान्यानं बी हेलपाटं घातल्यात.”

तो पुन्हा गेला, पुन्हा आला. या खेपेला टीव्हीत आधी खरखर झाली, मग गाईच्या गळ्यातली घंटा, मग टाळ. आणि तो गळा. गोदाक्कानं डोक्यावरून पदर घेतला. ती जागा आली, “दूध उतू चाललंय, भान्या!” पाय धावले, भांडं आदळलं, कुणीतरी हसलं.

“ती मी,” आक्का म्हणाल्या. “हसली त्ये मीच. नवी नवरी हुते… वाटी घिऊन आले हुते.”

टीव्हीत भजन पुन्हा सुरू झालं.

शार्दूल मठात परतला. पेनड्राइव्ह लावून यंत्र एकदा बाहेरून उठवून पाहिलं. उठलं. तेव्हा कुठं तो बाबांपुढं जाऊन उभा राहिला. बाबा गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते.

“बाबा, आता करू?”

“मला काय इचारतोस? बोट तुझं हाय.”

शार्दूलनं बटण दाबलं.

यंत्र घरघरलं. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरले. मग पडदा काळा झाला. काळाच राहिला. बाहेर गुरं परतली, धारा झाल्या. रोजच्यासारखं दूध चुलीवर चढलं. पडदा काळाच.

शार्दूल मांडी घालून पुढं बसला होता. कोट्यवधी लोक त्याला आठवले नाहीत. आळीच्या टोकाला गोदाक्काच्या फडताळात रुमालात बांधलेली ती डिस्क आठवली. त्यानं खांदे सैल सोडले…

आणि आवाज आला. खणखणीत. तोच.

शार्दूल दचकून पुढं वाकला. पडदा काळाच होता.

आवाज पुन्हा आला. मागून, चुलीकडून.

“दूध उतू चाललंय, शार्दुल्या!”