भिवरेने नाकारलेली माफी

एका राज्यात न्यायाची रीत मोठी कडक होती. दरबारात ज्याच्यावर गुन्हा शाबीत होई, त्याला राजमांत्रिक दगड करी, आणि तो दगड दरबाराच्या चढणीला पायरी म्हणून बसवला जाई. येणारे-जाणारे त्याच्यावर जोडे पुसत. अशा पायऱ्या एकवीस झाल्या होत्या. एकविसावी पायरी म्हणजे सिदोजी भांडारी. खजिन्यातला नागमणी नाहीसा झाला आणि किल्ली सिदोजीच्या कमरेला होती. एवढ्या शहाण्यासुरत्या दरबाराला याहून अधिक पुरावा कशाला लागतो?

सिदोजीला एकच लेक, भिवरा. ती रोज सकाळी येऊन ती पायरी धुई, फूल वाही आणि तिच्यावर पाय न देता उडी मारून परत जाई. लोक हसत. भिवरा मान खाली घालत नसे.

वर्षानं राजा रत्नध्वजाची सुवर्णतुला झाली. त्या आनंदात राजानं भिवरेला बोलावलं. म्हणाला, "मुली, तुझ्या बापाला आम्ही माफी देतो. पदर पसर."

सारा दरबार 'धन्य धन्य' म्हणाला. एक शब्द, आणि बाप आज घरी जेवायला! पण तिनं पदर पसरला नाही.

"महाराज, माफी नको. निर्दोष म्हणा."

प्रधान कुजबुजला, "अगं वेडे, सोडला काय, माफ केला काय नि निर्दोष म्हटला काय! माणूस सुटल्याशी कारण."

त्या दरबारात निवाडे लिहून ठेवत नसत. सोन्याच्या दांडीवर एक साळुंकी बसे, तिला सात पिढ्यांचे निवाडे मुखोद्गत होते. ती म्हणाली, "प्रधानजी, तिन्ही शब्द तुम्ही एका माळेत ओवता, पण मणी वेगळे आहेत. सुटकेनं बेडी जाते, आरोप राहतो. माफीनं शिक्षा जाते, गुन्हा राहतो. निर्दोष म्हटलं की गुन्हा त्या माणसाचा नव्हताच. माफी मिळालेला सिदोजी चालेल-बोलेल, पण त्याचे दोन्ही तळहात दगडाचेच राहतील. मंत्र शब्द ओळखतो."

राजाचा चेहरा उतरला. राग आला असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला, "तर मग साक्ष आण, मुद्देमाल आण, चोराची कबुली आण. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. नाही आणलंस, तर बाविसावी पायरी तू."

"मान्य," भिवरा म्हणाली.

पहिल्या दिवशी ती खजिन्याच्या भुयारात उतरली. तिथे राखणीला बसलेला नाग कोणाशी बोलत नसे; खोटं बोलणाऱ्याला मात्र डसे. भिवरेनं आपला हात त्याच्या तोंडात ठेवला. "मी काही पाहिलेलं नाही. पण माझा बाप चोर नव्हे, हे मला ठाऊक आहे." नागानं तोंड मिटलं, दात लावले नाहीत. मग हात सोडून म्हणाला, "सिदोजी माझ्या पुढून मणी घेऊन गेला नाही. ज्याचं मीठ मी खातो, तोच आला होता. ही माझी साक्ष. मणी कमळतळ्यात आहे. पण जपून! त्याला जो बाहेर काढतो, तो काढल्याचं विसरतो."

भिवरा सुन्न झाली. नाग मीठ खाई ते एकाच घरचं.

दुसऱ्या दिवशी तिनं साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि तळं गाठलं. "साळुंकीबाई, मी वर आले की मला माझं काम सांगा." बुडी मारून तिनं मणी काढला, आणि काठावर येताच खुळ्यासारखी हसत उभी राहिली. हातात काय आहे, आपण पाण्यात का उतरलो, काही उमगेना. साळुंकी तिच्या कानाशी ओरडली, "सिदोजीची लेक भिवरा! बापाला निर्दोष म्हणवायला निघालेली!" शंभर वेळा ओरडली तेव्हा भिवरेच्या डोळ्यांत ओळख आली.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. नाग भुयार सोडून आला आणि त्यानं साक्ष दिली. भिवरेनं कमळाच्या पानावरचा मणी सिंहासनापुढे ठेवला. पुढे काय, ते सगळ्यांना कळलं, पण बोलायची छाती कोणाची?

मांत्रिक हळूच म्हणाला, "महाराज, 'माफ' म्हणा. अजून झाकली मूठ आहे."

सूर्य कलत होता. भिवरेचे पाय घोट्यापर्यंत दगड होऊ लागले. तरी ती बोलली, आणि आवाज कापला नाही. "महाराज, मी हात जोडणार नाही. कबुली माझ्या हातची नाही, तुमच्या तोंडची आहे."

साळुंकीनं पंख झाडले. "राजा, आजचा निवाडा तुझ्या पणतवंडांना मीच म्हणून दाखवणार. काय म्हणू?"

राजा उठून उभा राहिला. मग सिंहासनावरून उतरला, मुकुट हातात घेतला.

"माझ्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं मणी मीच काढला आणि विसरलो. सिदोजी दगड झाल्यावर माझ्याच शेल्यात तो मला सापडला. लाज वाटली, म्हणून तळ्यात टाकला आणि माफीनं लाज झाकायला निघालो. सिदोजी भांडारी निर्दोष आहे."

शब्द संपला आणि एकविसावी पायरी उठून उभी राहिली. भिवरेचे पाय मोकळे झाले. सिदोजीनं आधी आपले तळहात उलटसुलट पाहिले, मग लेकीच्या डोक्यावर ठेवले. "पोरी, घाई केली नाहीस, बरं केलंस." भिवरा तेव्हा कुठे रडली.

त्याच दिवशी राजानं उरलेल्या वीस पायऱ्यांचे निवाडे पुन्हा ऐकायचा हुकूम काढला, आणि दरबाराची चढण साध्या मातीची झाली. हुकूम देऊन राजा सिदोजीपुढे आला, मान लववून म्हणाला, "भांडारी, मला माफी असावी."

सिदोजी ताठ उभा होता.

"दिली, महाराज," तो म्हणाला. "गुन्हा घडलाय, म्हणून देता येते."