घरचा वास

दाट जंगलातल्या एका ऐनाच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांनी पोळे बांधले होते. दारावर पहारा असे. येणाऱ्या प्रत्येकीला पहारेकरीण मिशांनी हुंगायची. घरचा वास आला तर वाट सोडायची, परका आला तर डंख मारायचा, अशी तिथली रीत. गांधीलमाशी किंवा मुंगळा कधी आत शिरू शकला नव्हता, त्यामुळे पहारेकरणींना जरा गर्वच होता.

एके वर्षी घरच्याच एका कामकरी माशीने काम सोडले. मध खायचा आणि राणीच्या ऐवजी आपणच अंडी घालायची, एवढेच तिचे चाले. तिच्या पोटी तिच्यासारख्याच ऐतखाऊ निपजल्या आणि महिन्याभरात त्यांनी निम्मे पोळे बळकावले. राणीच्या बाळांना खाणे पुरेना. रोज दहा-बारा बाळे कप्प्यातच उपाशी मरू लागली. पहारेकरणी ऐतखाऊंना हुंगत तेव्हा त्या म्हणत, "अगं, मी घरचीच." ते खोटेही नव्हते.

एक अस्वल उपाय सांगायला आले. चेहरा वैद्याचा, पण तोंडाला पाणी सुटलेले. "ऐतखाऊंचा तेवढा कोपरा तोडून टाकतो," ते म्हणाले. त्याने तोडला आणि खाल्ला. पंधरवड्यात ऐतखाऊ दुसऱ्या कोपऱ्यात वाढल्या. "मग ढोलीत धूर कोंडा," अस्वल म्हणाले.

"आणि आमची बाळं?" राणीने विचारले.

"त्यातली काही जातील."

तेव्हा एक म्हातारी माशी पुढे आली. "डंख आपल्याकडे आहेच, तो वापरायला शिकू या. नुसतं हुंगू नका, पंख बघा. राबणारीचे पंख कडेला झिजलेले असतात. यांचे कोरे करकरीत आहेत."

"पण त्यांतली एक माझ्या शेजारच्या कप्प्यात वाढली," एक पहारेकरीण म्हणाली. "घरच्यांवर डंख कसा उगारू?"

"मेलेली बाळंही घरचीच होती," म्हातारी म्हणाली.

पहारेकरणी कामाला लागल्या आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. बाळांना भरवणाऱ्या तरुण माश्या बाहेर जात नाहीत, त्यांचेही पंख कोरेच. त्यातल्या सात जणी हकनाक मेल्या. म्हातारीला फार वाईट वाटले. "चूक माझी," ती म्हणाली. "भरवणारीच्या तोंडाला बाळांच्या खाण्याचा वास असतो. पंख बघा आणि तोंडही हुंगा."

आठवड्याभरात बहुतेक ऐतखाऊ संपल्या. काही फटींत लपल्या, काहींनी तर काट्यांवर घासून पंख झिजवून घेतले. "त्यांचीही खूण शोधू," म्हातारी म्हणाली. त्या दिवशी राणीचे एकही बाळ उपाशी मेले नाही.

मुलांनो, कर्करोगाच्या पेशीही अशाच घरच्या असतात, म्हणून शरीराच्या पहारेकरी पेशी त्यांना सोडून देतात. या पहारेकऱ्यांना त्या ओळखायला लावणारे उपचार आता निघाले आहेत. ते सगळ्यांनाच लागू पडत नाहीत, कधी चांगल्या अवयवांनाही त्यांचा त्रास होतो. म्हणून शास्त्रज्ञ अजून नव्या खुणा शोधत आहेत.

तात्पर्य : घरचा म्हणून कुणाला सूट देऊ नये, आणि पुरती ओळख पटल्याशिवाय कुणावर डंखही उगारू नये.